घरातल्या मिरचीची पानं पिवळी, वाकडी, करपलेली दिसतायत? खत टाकायच्या आधी हे बघा

पान पिवळं पडलं की आपला पहिला हात खताच्या डब्याकडे जातो. मीही सुरुवातीची दोन वर्षं तेच केलं आणि ज्या झाडांना भूक नव्हतीच त्यांना खाऊ घालून घालून घालवलं. आता आठ-नऊ वर्षं झाली फ्लॅटमध्ये मिरच्या लावतोय, लवंगी, ज्वाला आणि एखादं-दुसरं सिमलाचं झाड, उन्हाळ्या-हिवाळ्यात ग्रिलच्या खिडकीत आणि पावसाळ्यात दोन-दोन आठवडे ऊन दिसत नाही तेव्हा आतल्या खोलीत एलईडीखाली. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली, की घरातल्या कुंडीतलं झाड उपाशी असल्यासारखं दिसतं तेव्हा बऱ्याचदा खत कुंडीत पडलेलं असतंच, मुळांना ते घेता येत नसतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका. मुळं, पाणी आणि क्षार बघून झाल्याशिवाय खताचा नंबर येत नाही.

१. झाड साध्या उजेडात आणा आणि पान उलटं करून बघा

जांभळ्या-गुलाबी ग्रो लाईटखाली कुठल्याच पानाचा रंग खरा दिसत नाही. हिरवंगार पान काळपट वाटतं आणि फिकं पडलेलं पान चांगलं वाटतं. कुंडी खिडकीशी आणा नाहीतर ग्रो लाईट बंद करून साधी पांढरी ट्यूब लावा. मग मोबाईलवर तीन फोटो काढा, एक पूर्ण झाडाचा, एक खालच्या जुन्या पानांचा आणि एक शेंड्याचा. तारीख फोटोवर आपोआप राहते, दहा दिवसांनी तोच फोटो तुम्हाला सांगेल की झाड सुधारतंय का नाही, आठवणीवर भरवसा ठेवून हे कळत नाही.

त्यानंतर तीन-चार पानं उलटी करून मागची बाजू बघा. १० पटीचं भिंग घ्या एखादं, स्टेशनरीवाल्याकडे किंवा ऑनलाईन सहज मिळतं. सांगतो त्यातलं निम्मं काम त्या भिंगाने होतं.

२. बिघडलंय ते पान जुनं आहे का नवं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नवीन माणूस नेमका हाच विचारत नाही. "पानं पिवळी पडतायत काय करू" एवढंच विचारतात, कुठली पानं ते सांगतच नाहीत.

घरात तंगी आली की मोठी माणसं आपल्या ताटातलं काढून पोरांना वाढतात, झाडाचंही तसंच असतं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आणि मॅग्नेशियम ही चार अन्नद्रव्यं झाडाला जुन्या पानातून काढून शेंड्याकडे पाठवता येतात. त्यामुळे यातलं काही कमी पडलं तर आधी खालची पानं खराब होतात आणि शेंडा बराच काळ ठीक दिसतो. कॅल्शियम, लोह, बोरॉन यांचं उलटं आहे, ती एकदा पानात बसली की तिथून हलत नाहीत, म्हणून ती कमी पडली की जुनी पानं मस्त हिरवी आणि नवी पालवी मात्र फिकी किंवा वेडीवाकडी.

म्हणजे खालून वर चढणारा त्रास आणि वरून सुरू होणारा त्रास असे दोन गट झाले. एवढं जरी ठरवलंत तरी अर्ध्या शंका तिथेच गळतात. तिसरा गट म्हणजे फक्त एकाच बाजूची पानं, किंवा फक्त लाईटच्या सगळ्यात जवळची, किंवा अधेमधे कुठलीही. तसं असेल तर खताचा विचार डोक्यातून काढून टाका, ते ऊन, लाईट, फवारणी किंवा कीड यांचं काम आहे.

आणि हो, रोप लहान असताना पहिली जी दोन साधी लांबट पानं असतात, बीजातली, ती काही आठवड्यांनी पिवळी होऊन गळतातच. मोठ्या झाडाचंही सगळ्यात खालचं, सावलीत गेलेलं एखादं पान अधूनमधून पिकतं. त्याला औषध नाही आणि लागतही नाही.

३. कुंडी उचला, बोट घाला

आता पान सोडा आणि खाली या. कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघा, जड आहे का हलकी. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचलायची आणि पान मलूल झाल्यावर एकदा उचलायची, दोन-तीन वेळा केलं की हाताला वजन कळायला लागतं. मग तर्जनी दोन पेरं मातीत घाला.

पानं लोंबतायत आणि कुंडी हलकी, माती कोरडी, तर झाड तहानलंय, पाणी घाला, तासाभरात उभं राहील. पानं लोंबतायत आणि कुंडी जड, माती ओली, तर मुळं गुदमरलीत. इथे लोक फसतात, कारण दोन्हीकडे पान सारखंच मान टाकतं, आणि आपण अजून एक तांब्या ओततो. जास्त पाण्याने लोंबलेलं पान हाताला जरा जाड, फुगीर लागतं आणि तहानलेलं पान पातळ, कागदासारखं लागतं. मातीवर चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडत असतील तर वरची माती सतत ओली राहतेय याची ती खूण.

शंका आली तर झाड कुंडीतून काढून बघायला घाबरू नका. गेल्या जुलैमध्ये आमच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांची ज्वालाची कुंडी आणून दिली, खालची पानं पूर्ण पिवळी, "पेंड घातली, गांडूळखत घातलं, तरी असंच." मी कुंडी आडवी केली, कडेने थोपटलं, देठाजवळ बोटं ठेवून मातीचा गोळा अलगद बाहेर ओढला. वरची चार बोटं माती ठीक होती, त्याखाली काळी चिकट, आणि नाल्यासारखा वास. मुळं पांढरी असायला हवी होती ती तपकिरी झालेली, बोटाने ओढलं की वरची साल निघून आत दोऱ्यासारखं काहीतरी राहायचं. कुंडीला भोक होतं, पण भोकावर ठेवलेली खापरी मातीने लिंपून गेली होती आणि खाली ताटली कायम पाण्याने भरलेली. त्या झाडाला नायट्रोजनची कमतरता होती हे खरं, पान तेच सांगत होतं, पण ती खत घालून भरून निघणारी नव्हती. सडलेली मुळं कापली, नवी भुसभुशीत माती भरली, वरची फांदी एक तृतीयांश छाटली आणि तीन आठवडे खत बंद. ऑगस्टच्या शेवटी त्याच झाडाला कळ्या आल्या.

मातीबद्दल एक सांगतो. घाटावरची काळी माती शेतात सोन्यासारखी असते, पण नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना चिखल होतो, हवा आत जात नाही, आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी कडेकडेने सरळ खालून निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी पोचलं. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेलं कोकोपीट सारख्या मापाने घ्या, वरून मूठभर भाताची तुसं असली तर उत्तम. मिरचीला निदान १० इंची कुंडी हवी.

४. पाणी कुठलं घालताय?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या झाडांचा खरा घोळ इथे असतो आणि परदेशी व्हिडिओ बघून तो कळत नाही.

धरणाचं पाणी, म्हणजे पुण्याला खडकवासल्याचं, मुंबईला वैतरणा-तानसा-भातसाचं, हे मऊ असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम फारसं नसतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो ते. माझ्याकडच्या साध्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) नळाचं पाणी ८० च्या आसपास येतं आणि सोसायटीच्या बोअरचं ७४०. एकाच बाल्कनीत, फक्त पाणी वेगळं, आणि झाडांची दुखणी दोन वेगळी.

मऊ पाणी, त्यात कोकोपीट जास्त, आणि खत म्हणून नुसतं १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश प्रत्येकी १९ टक्के), असं तुमचं चालू असेल तर महिन्या-दोन महिन्यांत मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी पडणार. १९:१९:१९ मध्ये ही दोन्ही नसतात, पाण्यात नाहीत, आणि कोकोपीट स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याबदल्यात पोटॅश आणि सोडियम सोडतं. फिल्टरचं आरओ पाणी झाडाला "शुद्ध" म्हणून घालणाऱ्यांचं पण हेच होतं.

जड पाण्याचं दुखणं उलटं. त्यात कॅल्शियम भरपूर असतं पण बायकार्बोनेट पण भरपूर, ते हळूहळू मातीचा पीएच वर चढवतं. पीएच साडेसातच्या पुढे गेला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मग शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारखी. एप्रिल-मे मध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले की जूनमध्ये लोक हेच फोटो पाठवतात, दरवर्षी. मिरचीला मातीत पीएच ६ ते ६.८ चांगला, नुसत्या कोकोपीटमध्ये ५.५ ते ६.२.

उपाय साधा आहे. जड पाणी असेल तर त्यात चिमूटभर लिंबूसत्व विरघळवा, पीएचच्या पट्टीने किंवा थेंबांच्या किटने बघा, साडेसहाच्या आसपास आलं की थांबा. पट्टी न वापरता अंदाजाने टाकू नका. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं काही नाही. आणि दोन पाणी झाडाला अजिबात घालू नका, एक म्हणजे आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, आणि दुसरं सॉफ्टनर बसवलेल्या टाकीचं, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत धरून झाडांना घालायची सवय खूप घरात आहे, हेतू चांगला आहे पण त्याने फरशी पुसा, झाडं नको.

५. कुंडीत क्षार साठलेत का?

पानाचं फक्त टोक तपकिरी, कुरकुरीत, जणू ब्रशने रंगवलंय असं, आणि बाकी पान गडद हिरवं. मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी पूड. हे दोन्ही एकत्र दिसलं तर खत जास्त झालंय. अजून एक खूण, पानांची टोकं खाली वाकून पोपटाच्या चोचीसारखी होतात, झाड दाट काळपट हिरवं दिसतं आणि कळ्या गळतात, हा नायट्रोजनचा अतिरेक. ताज्या पेंडीचा किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखताचा डोस दिल्यावर हे हमखास होतं.

मीटर असेल तर खात्री करून घ्या. झाडाला नेहमीसारखं पूर्ण पाणी घाला, अर्धा-पाऊण तास थांबा, ताटली पुसून कोरडी करा, मग वरून पेलाभर पाणी सावकाश ओता आणि खाली जे पहिलं पाणी गळेल ते वाटीत धरून मोजा. ते पाणी मुळांच्या आजूबाजूचं असतं. ईसी मीटरवर (तेही क्षारच मोजतं, फक्त एकक वेगळं, एमएस/सेंमी) ३ च्या वर किंवा ५०० च्या स्केलवाल्या टीडीएस मीटरवर १५०० च्या वर आकडा आला तर कुंडी धुवायची. १० लिटरच्या कुंडीला २० ते ३० लिटर साधं पाणी, बाथरूममध्ये, हळूहळू, तीन-चार टप्प्यांत. भोकातून पाणी नीट वाहतंय ना ते आधी बघा, नाहीतर धुणं म्हणजे बुडवणं होईल. मग कुंडी निथळू द्या आणि वरची दोन पेरं माती वाळेपर्यंत हात लावू नका, त्यानंतर पहिलं खत नेहमीच्या निम्मं.

६. आता भुकेचा विचार करा

मुळं पांढरी आहेत, पाणी ठीक आहे, क्षार नाहीत, आणि तरी पान बिघडलंय, तर खरंच काहीतरी कमी पडतंय.

खालची पानं एकसारखी पिवळी, शिरांसकट, आणि झाडाची वाढ मंद: नायट्रोजन. एकच डोस १९:१९:१९ चा, १ ग्रॅम एका लिटरला, आणि आठ दिवसांत फरक दिसतो.

खालची किंवा मधली पानं पिवळी पण शिरा हिरव्या, पानाच्या मधोमध हिरवं माशाच्या काट्यासारखं उरतं: मॅग्नेशियम. शेतीच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट मिळतं, ३ ते ५ ग्रॅम लिटरला घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने परत एकदा. मिरच्या लागायला लागल्या की हे जास्त दिसतं.

तीच जाळी, पण शेंड्याच्या नव्या पानावर: लोह. चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं, साधं हिराकस (फेरस सल्फेट) नको. पाकिटावर ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते फवारायला चांगलं, अर्धा ग्रॅम लिटरला, पण मातीत पीएच साडेसहाच्या वर असेल तर मुळाशी ते फारसं टिकत नाही, तिथे ईडीडीएचए वालं घ्यावं लागतं, ते लालभडक असतं आणि महाग असतं. आणि पाण्याचा पीएच नीट केला नाही तर महिन्याभराने परत तिथेच याल.

जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या मग करपलेल्या, मधला भाग हिरवा, आणि झाडावर फळं लगडलेली: पोटॅश. १३:००:४५, १ ग्रॅम लिटरला. क्षार साठल्यावर पण कडा करपतात, म्हणून आधी पाचवी पायरी केलीय ना ते बघा.

नवी पानं चुरगळलेली, टोकं मेलेली, सिमला मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा-तपकिरी खोलगट डाग: कॅल्शियम. पण यात मातीत कॅल्शियम नाही असं क्वचितच असतं, एक दिवस कुंडी वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी बुडवायची असं चाललं की झाडाला ते फळापर्यंत नेता येत नाही. पाणी नियमित करा. मऊ पाणी असेल तर कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम लिटरला, दहा-पंधरा दिवसांनी. हे १९:१९:१९ किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या दाट द्रावणात कधीच मिसळू नका, पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. वेगळ्या दिवशी द्या.

पानाच्या मागून जांभळी झाक, रोप खुरटं: फॉस्फरस म्हणतात, पण डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे रात्री १० अंशांच्या खाली जातात तेव्हा गार मातीत मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही एवढंच असतं. कुंडी रात्री आत घ्या. काही जातींची देठं आणि कांड्या तशाही जांभळ्याच असतात.

घरगुती उपायांबद्दल विचारतात म्हणून लिहितो. अंड्याची टरफलं विरघळायला महिने लागतात, आज बुड काळं पडलेल्या फळाला ती आज मिळणार नाहीत, वाटून कंपोस्टमध्ये टाका. केळीच्या सालीचं पाणी नुकसान करत नाही पण त्यावर पोटॅशची भूक भागत नाही. चहाचा चोथा धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये ठीक, दूध-साखरेसकट कुंडीत टाकलात तर बुरशी आणि माश्या. जीवामृत आणि गांडूळखताचं पाणी मात्र मी स्वतः पंधरा दिवसांनी देतो, माती जिवंत राहते, पण तीव्र कमतरता दिसत असताना फक्त त्यावर विसंबून बसू नका.

७. पान वाकलंय? मग हा बोकड्या आहे का ते बघा

मिरचीत सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. शेतकरी ज्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात ती आकसलेली, गुंडाळलेली पानं बघून नवीन माणूस कॅल्शियम देत बसतो आणि तोवर कीड पूर्ण झाडावर पसरते. वाकण्याची दिशा बघा.

पानाच्या कडा वर उचलल्या गेल्यात, पान होडीसारखं झालंय, मागे चंदेरी-तपकिरी ओरखडे: फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा दोन-तीन वेळा टिचकीने झटका. बडीशेपेच्या देठाच्या तुकड्यापेक्षाही बारीक, पिवळट किंवा काळे, लांबट ठिपके पडतील, आणि नीट बघितलंत तर ते चालायला लागतात. फुलंही झटकून बघा, २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणातली मिरची ज्या काळ्या फुलकिड्यांनी झोडपली ते फुलांतच जास्त असतात.

पानाच्या कडा खाली वळल्यात, उलटी होडी, पान अरुंद, देठ लांब, शेंडा काळपट आणि कडक: हा पांढरा कोळी. हा साध्या डोळ्याला दिसतच नाही, १० पटीच्या भिंगाखाली शिरेच्या कडेला पारदर्शक ठिपके हलताना दिसले तर दिसतात. लाल कोळी वेगळा, त्यात पान वाकत नाही, वरून रव्यासारखे फिके ठिपके पडतात आणि मागे बारीक जाळं, एसीच्या कोरड्या हवेत तो फार वाढतो.

पानं बारीक, झुपक्यासारखी, कांड्या आखूड, झाड खुजं आणि पांढऱ्या माश्या उडतायत: हा विषाणू असू शकतो. याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, बाकीची वाचवा. मोझॅकसारखे हिरवे-पिवळे पट्टे आले तर अजून एक विचारा, घरात कोणी तंबाखू मळतं का? तंबाखूचा मोझॅक विषाणू हातावरून मिरचीवर येतो. तंबाखू हाताळलेल्या हाताने झाडाला हात लावायचा नाही, आधी साबणाने धुवा, हा नियम मी घरात कडक ठेवलाय.

फुलकिड्यांना नीम तेल ५ मिली आणि दोन-तीन थेंब भांडी घासायचं लिक्विड एका लिटर कोमट पाण्यात घोटून, संध्याकाळी, पानांच्या मागून चिंब. एकदा मारून भागत नाही, दर ५ दिवसांनी, चार वेळा, आणि सोबत निळे चिकट सापळे. कोळ्याला पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम लिटरला, बाल्कनीत नेऊन, तोंडाला फडकं बांधून. नीम तेल मारलं असेल तर गंधक दोन आठवडे नको, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असेल तेव्हाही नको, पानं भाजतात. सगळ्यात वाकडा शेंडा आधी कापून पिशवीत बंद करून टाका, निम्मी कीड तिथेच असते.

८. ऊन, लाईट आणि फवारणीचे डाग

आतल्या लाईटखाली वाढलेलं रोप सरळ मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर दुसऱ्याच दिवशी वरच्या पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. आधी एक तास सकाळचं ऊन, मग दोन, असं ८-१० दिवसांत बाहेर काढा. एलईडीच्या सगळ्यात जवळचीच पानं फिकी पडून कडा वर वळत असतील आणि खालची छान असतील, तर लाईट वर घ्या, साधारण फूटभर अंतरापासून सुरू करा, १४ ते १६ तास पुरे, रात्री अंधार द्या.

भर दुपारी मारलेलं नीम तेल पान तांबूस करतं. पावसाळ्यात पानाच्या मागे बारीक फोड, मीठ चिकटल्यासारखे, हे बहुतेक वेळा माती ओली आणि हवा कोंदट म्हणून, छोटा टेबल फॅन लावा आणि पाणी कमी करा.

९. एक बदल, मग दहा दिवस

सगळं एकदम करू नका. कुंडी धुतली, त्याच दिवशी खत दिलं, त्याच दिवशी जागा बदलली, तर बरं झालं तरी कशाने ते कळणार नाही. एक गोष्ट करा आणि तारीख लिहून ठेवा.

जळालेला, तपकिरी भाग परत कधीच हिरवा होत नाही, त्यामुळे जुन्या पानाकडे बघून निराश होऊ नका. पिवळं पान थोडं भरून येऊ शकतं, पण खरं उत्तर शेंड्यावर मिळतं. उपाय केल्यानंतर जे पान उघडेल ते बघा. मी अशा वेळी शेंड्याखालच्या शेवटच्या पानाच्या देठाला लोकरीचा तुकडा सैल बांधतो, त्याच्या वरचं सगळं नवं, खालचं जुनं. वरची दोन-तीन पानं सपाट आणि एकसारखी हिरवी आली की जुनी खराब पानं काढायला हरकत नाही, तीही एकदम नाही, आठवड्याला दोन-तीन, आणि कात्री स्पिरिटने पुसून.